काम सोडू का? पेठच्या आशाताईंच्या पत्राला उत्तर

या वेळी एकच पत्र घेतलंय आणि उत्तरही लांबलंय, कारण हेच पत्र थोड्याफार फरकाने आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी जणी लिहू शकल्या असत्या. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यातल्या एका आशाताईंचं, म्हणजे गावात घरोघरी जाणाऱ्या आरोग्य स्वयंसेविकेचं आहे. वय ३६, बारावी झालेल्या, दोन मुलं, नवरा ड्रायव्हर, आशा म्हणून दहावं वर्ष चालू. सहा पाडे मिळून चौदाशेच्या आसपास लोकसंख्या, त्यातले दोन पाडे डोंगरापलीकडे. त्या लिहितात:

"मॅडम, आधी मला हे काम आवडायचं. आता सकाळी फोन वाजला की पोटात गोळा येतो. रजिस्टर भरा, तेच परत ॲपमध्ये भरा, ग्रुपवर फोटो टाका, आयुष्मान कार्ड काढा, ओटीपी येत नाही तर लोक मलाच बोलतात. मीटिंगला गेलं की टारगेट का नाही झालं म्हणून सगळ्यांसमोर उभं करतात. पैसे दोन-दोन तीन-तीन महिने येत नाहीत. परवा एक गरोदर बाई गोळ्या खात नव्हती म्हणून तिच्यावर खेकसले, मग घरी येऊन रडले. नाशिकला एका हॉस्पिटलात रिसेप्शनला ११ हजारांवर घेतो म्हणतात. नवरा म्हणतो सोड ते फुकटचं काम. सोडू का? ता. क. एका सिझरच्या आईच्या भेटींचे पैसे कापले, तिसऱ्या दिवसाची भेट नाही म्हणून. ती तेव्हा नाशिकला सिव्हिललाच होती. असं कापता येतं का?"

ताई, आधी त्या खेकसण्याचं बोलू, कारण पूर्ण पत्रात तुम्ही ते दोनदा लिहिलंय आणि तेच तुम्हाला जास्त टोचतंय असं दिसतं. मी आरोग्य खात्यात आरोग्य सहायिका होते, दिंडोरी-कळवण भागात नोकरी गेली, त्यामुळे हे मी खूप जणींचं बघितलंय. माणूस महिनोन् महिने थकत गेलं की आधी चिडचिड होते, मग समोरच्याचं काही वाटेनासंच होतं, आणि मग वाटायला लागतं की आपल्याला हे कामच जमत नाही. तुम्ही पहिल्या पायरीवर आहात. घरी येऊन रडलात म्हणजे त्या बाईचं तुम्हाला अजून वाटतंय, स्वभाव बिघडला वगैरे काही नाही. तिच्याकडे परत जा, आणि गोळी का नको वाटते ते निवांत बसून विचारा. बहुतेक मळमळ होत असेल नाहीतर शी काळी होते म्हणून घाबरली असेल. रात्री जेवणानंतर घे, चहाबरोबर घेऊ नकोस, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळेला घे, एवढं सांगितलं तरी पुष्कळ बायका घ्यायला लागतात. तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे, त्या दिवशी सांगायचं त्राण नव्हतं एवढंच.

आणि आता एक विचारते. तुमचं स्वतःचं हिमोग्लोबिन शेवटचं कधी तपासलं? तीस वर्षांवरच्या सगळ्यांचा सीबॅक फॉर्म (बीपी, शुगर, कॅन्सरचा धोका बघायचा) तुम्ही घरोघर जाऊन भरता, तुमचा स्वतःचा भरलाय का? गावभर लोहाच्या गोळ्या वाटणाऱ्या बाईचं स्वतःचं एचबी आठ-नऊ निघालेलं मी बघितलंय, आणि ती बिचारी सहा महिने म्हणत होती की मला कामाचा कंटाळा आलाय. या आठवड्यात सब सेंटरला सिस्टरकडून बीपी, शुगर, एचबी करून घ्या, जमलं तर थायरॉइडही बघा. झोप लागत नसेल, सकाळी उठूच नये असं वाटत असेल, तर १४४१६ ला फोन करा. टेली मानसचा नंबर आहे, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. गावात कुणाला कळायचा प्रश्न नाही.

आता मूळ प्रश्न. तुमचं पूर्ण पत्र चार पानांचं आहे, वर मी थोडंच दिलंय. त्यातली तीन पानं तक्रारीची आहेत आणि प्रत्येक तक्रार खरी आहे. एक पान मात्र त्या १७०० ग्रॅमच्या बाळाचं आहे, ज्याच्या आईला तुम्ही छातीशी धरून ठेवायला शिकवलंत, पावसात ओढा ओलांडून वजन करायला गेलात, आणि जे आता दोन वर्षांचं होऊन अंगणात पळतंय. त्या पानावर अक्षरसुद्धा वेगळं लागलंय. मला त्यावरून असं वाटतं की तुम्हाला कामाचा वीट आलेला नाही, कामाच्या भोवती जे ढीगभर रचून ठेवलंय त्याचा आलाय. हे दोन वेगळे केले नाहीत तर निर्णय चुकेल, सोडायचा असो की राहायचा.

त्या बाळाच्या भेटी म्हणजे एचबीएनसी, नवजात बाळाची घरी जाऊन घ्यायची काळजी, हे काम आपल्याच महाराष्ट्रात घडलंय हे तुम्हाला ट्रेनिंगमध्ये कुणी सांगितलं की नाही माहीत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला लावली, १९९९ मध्ये त्याचा अभ्यास छापून आला, त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. त्याच्याही आधी १९७० पासून जामखेडला डॉ. आरोळे दांपत्याने गावातल्या बायकांवर विश्वास टाकला. देशात आशा आली २००५ मध्ये, आणि घरी जाऊन बाळ बघायचं हे काम २०११ पासून सगळ्या आशांकडे आलं. म्हणजे तुम्ही ओढा ओलांडून जे करता त्याने मुलं जगतात हे सिद्ध झालेलं आहे, कुणी मीटिंगमध्ये कसंही बोललं तरी. नवऱ्याला हे सांगा, फुकटचं काम म्हणतो ना तो.

पण पैशाच्या बाबतीत तो चुकीचंही बोलत नाहीये. बाळाच्या सहा भेटी, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवसाची, सगळ्यांचे मिळून २५० रुपये, म्हणजे एका भेटीचे ४२ रुपयेसुद्धा पूर्ण होत नाहीत, आणि डोंगरापलीकडच्या पाड्याला तेच आणि रोडला लागून असलेल्या गावालाही तेच. योजना आखताना आशाचं काम दिवसाला दोन-तीन तास, आठवड्यातून चारेक दिवस असं धरलं होतं. तिच्या रोजीरोटीच्या मध्ये येणार नाही इतपतच, म्हणून मानधन न देता कामागणिक मोबदला. आता सांगा, तुमच्याकडे दोन-तीन तासांत काय होतं? एचबीएनसी, एचबीवायसी (थोड्या मोठ्या बाळांच्या घरभेटी), लसीकरणाला बोलावणं, टीबीचा सर्व्हे, कुष्ठरोगाचा सर्व्हे, जंतनाशक दिन, सीबॅक, आयुष्मान कार्ड, आभा कार्ड (आरोग्याचं डिजिटल ओळखपत्र), आणि वर कुठल्याही खात्याचं काही आलं की आशाला सांगा. काम पूर्ण दिवसाचं झालं, दर्जा मात्र स्वयंसेविकेचाच राहिला. दुखणं इथे आहे. तुम्ही कुठे कमी पडताय असं अजिबात नाही.

आणि हे मी एकटी म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात स्पष्ट आहे की कामाचा व्याप, तास बघून पैसे द्या, कामाचा लेखी करार करा, आणि सगळा किंवा बहुतेक मोबदला नुसता टारगेटवर ठेवू नका. आपल्याकडे २०१३ च्या भारतीय श्रम परिषदेनेही योजना कर्मचाऱ्यांना (आशा, अंगणवाडी सेविका वगैरे) कामगार माना, किमान वेतन द्या असं सुचवलं होतं. अंगणवाडी सेविकांना २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला, आशांना अजून तसं काही नाही. जे थोडं मिळालं ते बायकांनी रस्त्यावर बसून मिळवलंय. २०२३-२४ चा संप तुम्हाला आठवत असेल, आझाद मैदानात किती दिवस बायका बसून होत्या, त्यानंतर मार्च २०२४ मध्ये राज्याने महिन्याला ५००० ची वाढ दिली आणि नोव्हेंबर २०२३ पासून लागू केली. केंद्राचा ठरावीक कामांचा मोबदला २०१८ मध्ये महिन्याला २००० झाला होता, तो २०२५ मध्ये ३५०० करायचं जाहीर झालं. हे सांगतेय अशासाठी की संघटनेत नसाल तर या, नाशिक जिल्ह्यात आयटक, सिटू या दोन्ही कामगार संघटना आहेत, तुम्हाला जी जवळची वाटेल ती. एकटी आशा बोलली की ती भांडखोर ठरते, वीस जणी मिळून बोलल्या की ते निवेदन होतं.

आता ढीग कमी कसा करायचा. एक साधी वही घ्या आणि महिनाभर रोज रात्री फक्त तीन गोष्टी लिहा: आज कोणतं काम केलं, किती वेळ गेला, त्याचा मोबदला आहे की नाही. साधारण लिहिलं तरी चालेल, झोप मोडून लिहू नका. महिन्याने बघाल तेव्हा कळेल की आयांना-बाळांना वेळ किती गेला आणि एकच माहिती दोनदा-तीनदा भरण्यात किती गेला. आशांचं काम बघणाऱ्या गटप्रवर्तक ताईंकडून मोबदल्याची पूर्ण यादी मागून घ्या, कोणत्या कामाला किती ते. खूप जणींकडे ती नसतेच, आणि मग क्लेम करायचेच राहून जातात. मग तुमच्या पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) चार-पाच जणींनी आपापल्या वह्या घेऊन एमओ साहेबांना, म्हणजे तिथल्या डॉक्टरांना भेटा, मीटिंगमध्ये नाही, मीटिंग झाल्यावर. तक्रार म्हणून जाऊ नका, दोनच मागण्या घेऊन जा. यादीबाहेरचं काम सांगायचं असेल तर लेखी द्या आणि त्याचा मोबदला कोण देणार तेही लिहा. आणि टारगेटचं जे बोलायचं ते आधी गटप्रवर्तकांशी बोलून घ्या, पन्नास माणसांत उभं करू नका. गटप्रवर्तकही तुमच्यासारखीच मोबदल्यावर आहे हो, वीसेक आशांचा भार तिच्यावर, तिला वरून बोलणी बसतात म्हणून ती खाली बोलते. तिला बरोबर घेतलंत तर अर्धं काम होईल. मला हेही कळत नाही की ज्या बाईच्या हातून गावातली बाळंतपणं सुखरूप होतात तिला शाळेतल्या पोरीसारखं उभं करून कोणतं टारगेट वाढतं. वाढत नाही, पुढच्या महिन्याला आकडे फुगवून येतात फक्त.

चौदाशे लोकसंख्येचंही लेखी द्या. नियम हजाराला एक आशा असा आहे, आणि आदिवासी, डोंगराळ भागात वस्तीनुसार त्याहून कमी लोकसंख्येला एक देता येते. डोंगरापलीकडच्या दोन पाड्यांसाठी वेगळी आशा हवी असा ग्रामसभेचा ठराव करून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना द्या, एक प्रत संघटनेकडे. लगेच होणार नाही, वर्ष जाईल कदाचित. पण असले ठराव फाइलला असले की पुढच्या वेळी जागा निघतात तेव्हा नाव येतं. त्या पाड्यांचा मोबदला कमी होईल हेही मनात धरून ठरवा, लपवत नाही मी.

रात्री-अपरात्री येणाऱ्या फोनचंही तुम्ही लिहिलंय. प्रत्येक पाड्यावर एक असं माणूस धरा ज्याच्याकडे चालू फोन आहे आणि डोकं शांत आहे, सासू असो, बचत गटाची अध्यक्ष असो. सातव्या-आठव्या महिन्याच्या भेटीतच घरच्यांना आणि त्या माणसाला १०८ स्वतः लावायला शिकवा, पत्ता कसा सांगायचा, गाडी कुठपर्यंत येते, तिथपर्यंत बाईला कशात आणायचं, सगळं ठरवून ठेवा. लांबच्या पाड्यावरच्या जोखमीच्या आयांना तारखेच्या आधीच पीएचसीच्या माहेरघरात (बाळंतपणाआधी येऊन राहायची सोय) आणायचं बघा, पावसाळ्यात तर नक्कीच. तुम्हाला फोन यावा, पण १०८ ला लावून झाल्यावर यावा. दिवाळीनंतर निम्मा पाडा दिंडोरी-निफाडला द्राक्षाच्या बागांवर जातो आणि तुमच्या गरोदर बाया गायब होतात, त्यांच्या मागे फोन करून करून तुमचा जीव जातो, हेही लिहिलंय तुम्ही. जाण्याआधी माता-बाल संरक्षण कार्ड बाईच्याच पिशवीत गेलं पाहिजे, सासूच्या पेटीत राहायला नको, आणि मुकादमाचा नंबर घेऊन ठेवा. तिकडच्या आशाचा नंबर गटप्रवर्तकांच्या ग्रुपवरून मिळतो. लस कोणत्याही सरकारी केंद्रात मिळते, तिला परत पेठला आणायची गरज नाही, एवढं त्या बाईला कळलं तरी पुष्कळ.

आता नाशिकची नोकरी. ११ हजार ऐकायला बरे वाटतात कारण ते एक तारखेला येतील असं वाटतं, आणि तेच तुम्हाला हवंय, दर महिन्याला ठरलेली रक्कम. यात काही चूक नाही. पण हिशोब करा. रोज एसटीने कोटंबी आणि सावळ घाट करून जाणं-येणं म्हणजे दिवसातले तीन-चार तास गेले, पावसाळ्यात तर विचारू नका, आणि मुलं घरी एकटी. पेठ रोडला खोली घेतली तर भाडं, किराणा, मुलांची शाळा, त्या ११ हजारांतून हातात काय राहील ते नवऱ्याबरोबर कागदावर मांडा. हॉस्पिटलला विचारा की ड्युटी किती तासांची, सुट्टी किती, पीएफ, ईएसआयसी आहे का, ऑफर लेटर देणार का. नुसतं तोंडी "घेतो" म्हणत असतील तर तो भरवसा तुमच्या आत्ताच्या मोबदल्यापेक्षा मोठा नाही. आणि गेल्या बारा महिन्यांत तुमच्या खात्यात खरंच किती जमा झालं ते पासबुक भरून आणून बघा, बाराने भागा. उशिरा आलेले पैसे आपण मोजत नाही, आणि मिळतच नाही असं वाटत राहतं. आशा आणि गटप्रवर्तकांना कामावर असताना अपघाती मृत्यू आला तर १० लाख आणि कायमचं अपंगत्व आलं तर ५ लाख द्यायचा राज्याचा निर्णय २०२४ चा आहे, तोही हिशोबात धरा.

माझं मत विचाराल तर या नोकरीसाठी सोडू नका. आशाचं काम पवित्र आहे, त्याग करा, असं म्हणून मी सांगत नाहीये, तो त्याग तुमच्याकडून पुष्कळ करून घेतलाय लोकांनी. पण रिसेप्शनला दहा वर्षांचं शिक्षण वाया जाईल, बाळ बघून कावीळ ओळखणारी बाई केसपेपर काढत बसेल, आणि वर्षभराने तुम्ही मला दुसरं पत्र लिहाल. सोडायचंच असेल तर वर जाण्यासाठी सोडा. मुक्त विद्यापीठ आपल्या नाशिकातच आहे, १९८९ पासून, बारावीवर बीए घरी राहून होतं, आणि गटप्रवर्तकाच्या जागेला पदवी विचारतात. तीन वर्षं लागतील, तशीही तीन वर्षं जाणारच आहेत. आणि एवढं सगळं करूनही सहा महिन्यांनी फोन वाजला की पोटात गोळा येतच असेल, तर सोडा. खरंच सोडा, आणि गावाला काय वाटेल याचा विचार करू नका, तुमच्यामुळे जी मुलं जगली ती काही तुमच्या राजीनाम्याने परत जात नाहीत.

नवऱ्याशी मात्र बोला. तो कामाला फुकटचं म्हणतो तेव्हा मला वाटतं त्याला तुमची दमलेली अवस्था बघवत नाहीये, बोलायची पद्धत चुकीची आहे. त्याला विचारा की सोडायचं बोलण्याआधी संध्याकाळचं पाणी आणि मुलांचा अभ्यास तू बघशील का, म्हणजे रिपोर्टिंग मी दिवसाउजेडी संपवीन. दोन्ही शिफ्ट एकटीने करून कोणतंच काम आवडत नाही माणसाला.

आणि ता. क. चं. नाही, तसे पैसे कापता येत नाहीत. सिझरची आई पाच-सहा दिवसांनी घरी येते हे धरूनच सूचना आहेत, सातव्या दिवसापासून बेचाळिसाव्यापर्यंतच्या पाचही भेटी झाल्या असतील तर पूर्ण २५० मिळायला पाहिजेत. डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स लावा, भेटींच्या फॉर्मवर आईची सही किंवा अंगठा आहे ना बघा, आणि गटप्रवर्तकांच्या सहीने क्लेम याच महिन्याच्या व्हाउचरमध्ये परत टाका. एक प्रत स्वतःकडे ठेवा. परत कापले तर का कापले ते लिहून मागा आणि मला कळवा.